पुण्यातल्या नारायण पेठेतली मेस: दारू सोडल्यानंतरचे माझे अकरा महिने याच ताटावर गेले

रिव्ह्यू मोठा होणारे, आधीच सांगतो. ज्यांना फक्त चव आणि रेट बघायचाय त्यांनी एवढंच वाचा: महिन्याचं दोन वेळचं कार्ड ३४०० रुपये, एक वेळचं १८००, सुटं ताट ९० ला. जेवण घरगुती, तेल बेताचं, पोळ्या तव्यावरनं थेट ताटात. दुपारी १२ ते अडीच, रात्री साडेसात ते पावणेदहा. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद. मी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा का कापला ते खाली येईल.

बाकीचं मी अशांसाठी लिहितोय ज्यांनी नुकतीच दारू सोडलीय, एकटे राहतायत आणि आता जेवायचं कुठं आणि काय हे कळत नाहीये. किंवा ज्यांच्या घरातलं कुणी व्यसनमुक्ती केंद्रातनं परत आलंय. मी स्वतः हे शोधत होतो तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ४३ वर्षांचा. शेवटची सहा वर्षं रोज पीत होतो, आजारी असलो तरी. मागच्या डिसेंबरात व्यसनमुक्ती केंद्रातनं बाहेर पडलो तेव्हा वजन ५१ किलो, दंड काडीसारखे आणि पोट तेवढं पुढं आलेलं. तळपायाला सारख्या मुंग्या, जिना चढताना कठडा धरावा लागायचा. केंद्रात घंटा वाजली की नाश्ता, घंटा वाजली की जेवण, त्यामुळे खाण्याचा विचार करावाच लागला नाही. बाहेर आलो तर खोलीवर एकटा, आणि इतक्या वर्षांत भूक लागते म्हणजे नक्की काय होतं हेच मी विसरलेलो. संध्याकाळी सहा-साडेसहा झाले की पोटात खड्डा पडायचा, हाताला कापरं, कुणी साधं बोललं तरी अंगावर जावंसं वाटायचं, आणि मला वाटायचं ही तलफ. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला येणाऱ्या एका जुन्या काकांनी विचारलं, "दुपारी काय जेवलास?" मी म्हटलं दोन चहा आणि एक वडापाव. ते म्हणाले, "मग आधी जेवून ये, नंतर बघू तलफ आहे का ते." मीटिंगमधे चार गोष्टी कायम सांगतात, भूक, राग, एकटेपणा, थकवा, यात माणूस घसरतो म्हणून. भूक पहिली का घेतात ते मला त्या रात्री जेवल्यावर कळलं, कारण अर्ध्या तासात कापरंही गेलं आणि ते दारूचे विचारही.

डॉक्टरांनी मला प्रिस्क्रिप्शनच्या मागे हिशोब मांडून दाखवला होता. १८० मिलीची एक क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, ग्रॅमला ७ कॅलरी, झाल्या सव्वाचारशे. मी दोन घ्यायचो. म्हणजे रोज साडेआठशे कॅलरी पोटात, त्यात ना प्रोटीन ना जीवनसत्त्व, मग जेवण कुठनं जाणार. वर दारूमुळे आतडं बी-१, म्हणजे थायमिन, नीट शोषून घेत नाही, आणि शरीरात त्याचा साठा असतोच मुळी दोन-तीन आठवड्यांचा. ते फारच खाली गेलं तर मेंदूवर येतं, चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो, अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं, घरी थांबायचं नाही. माझ्या तळपायाच्या मुंग्याही दारू आणि उपासमार या दोन्हींमुळेच असं ते म्हणाले. गोळ्या दिल्या, पण सांगितलं की नुसत्या गोळ्यांवर राहू नको, डाळ, कडधान्यं, शेंगदाणे, तीळ, ज्वारी-बाजरी हे रोज आणि ठरलेल्या वेळेला पोटात गेलं पाहिजे, तीन वेळा जेवण आणि मधे दोनदा काहीतरी.

इथे एक गोष्ट मधेच सांगतो कारण महत्त्वाची आहे. रोज पिणाऱ्या माणसानं हे वाचून आजपासून बंद असं घरच्या घरी एकदम करू नका. रोजची दारू अचानक तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, घाम, ताप, बडबड सुरू होऊ शकते आणि त्यात माणसं दगावतात. आधी डॉक्टर. सरकारची १४४४६ ही टोल फ्री हेल्पलाइन आहे, आणि पुण्यात तर येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. जेवणाचं सगळं त्यानंतरचं.

तर मेसच्या आधी मी एक हेल्दी डबा लावला होता. नाव लिहीत नाही. महिन्याला ७२०० रुपये, प्लास्टिकच्या डब्यात गार पास्ता, उकडलेली ब्रोकोली, एवढंसं पनीर. पदार्थ वाईट नव्हते पण डबा यायचा रात्री सव्वानऊ-साडेनऊला, कधी दहा. आणि सहा ते साडेनऊ हा माझा सगळ्यात वाईट वेळ. फोन करून करून सांगितलं, बाबांनो मला साडेसातला लागतो, तर म्हणायचे रूट तसा आहे सर. अकराव्या दिवशी मी खोलीतनं बाहेर पडून कोपऱ्यावरच्या परमिट रूमच्या पायऱ्यांपर्यंत गेलो होतो. तिथनं एएच्या काकांना फोन लावला आणि ते मला घेऊन आले ते या मेसमधे.

मेस म्हणजे वाड्यातल्या दोन खोल्या, सहा टेबलं, भिंतीवर फळा आणि फळ्यावर खडूनं आजची भाजी. मावशी आत, काका गल्ल्यावर, वाढायला दोन मुलं. गर्दी सगळी एमपीएससीच्या पोरांची. ताटात तीन पोळ्या नाहीतर एक भाकरी आणि एक पोळी, एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी, भात, कोशिंबीर आणि ताक. उसळ रोज असते हे मला नंतर फार कामाला आलं. मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरा, आळीपाळीनं, आणि मोड चांगले बोटभर आलेले असतात.

पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता. आमटीची वाटी उचलली तर आमटी हलून हलून मनगटावर आली, ताटात सांडली, समोरची पोरं बघायला लागली आणि मी वाटी खाली ठेवून दिली. उठून जावं असं वाटलं. काका गल्ल्यावरनं उठले, काही न बोलता आत गेले आणि स्टीलच्या कडीच्या ग्लासात अर्धीच आमटी घेऊन आले, माझ्यासमोर ठेवली आणि परत जाऊन बसले. कडीत बोटं घालून, दुसरा हात खाली धरून मी ती आमटी प्यायलो. चिंचगुळाची होती, वर शेवग्याची शेंग. त्यानंतर जवळजवळ महिनाभर मला आमटी त्याच ग्लासात येत होती, कुणी कधी विचारलं नाही की काय झालंय म्हणून. एक दिवस मी वाटी मागितली तेव्हा काकांनी फक्त मान हलवली.

मावशींना मी स्वतःच सांगितलं, दुसऱ्या आठवड्यात. झालं असं की त्या दिवशी शनिवार, आणि शनिवारी रात्री इथे मसाला पापड देतात. भाजलेला उडदाचा पापड, त्यावर बारीक कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू पिळलेलं. ताट समोर आलं आणि मला कांदा-लिंबाचा तो वास आला. दारू सोडलेल्या माणसाला मसाला पापड आणि खारे शेंगदाणे म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तोंडाला पाणी सुटलं ते पापडासाठी नव्हतंच. टेबल, दिवे, माणसं, सगळं एका क्षणात बारमधलं वाटायला लागलं. मी ताट घेऊन आत गेलो आणि मावशींना म्हटलं, "मावशी, हा पापड मला देऊ नका, मी दारू सोडलीय, हा चकणा आहे माझ्यासाठी." त्यांनी पापड उचलला, म्हणाल्या, "मग सांगायचं नाही का दादा." आणि त्याच्या जागी भाजलेल्या तिळाची चटणी आणि ज्वारीची अर्धी भाकरी टाकली. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या ताटात पापड नाही. वाढणारा मुलगा बदलला तरी नाही, म्हणजे त्या प्रत्येक नव्या मुलाला सांगत असणार.

संध्याकाळचा सहा ते साडेसात हा वेळ मात्र मेस उघडायच्या आधीचा. मी सव्वासहालाच येऊन पायरीवर बसायला लागलो. दोन-चार दिवस मावशींनी बघितलं आणि मग एका संध्याकाळी मेथीच्या आठ जुड्या आणि परात आणून ठेवली, म्हणाल्या बसलाच आहात तर निवडून द्या, आणि वाटीत मूठभर भाजलेले चणे-गूळ. हा हिशोब डॉक्टरांनी सांगितलेल्या मधल्या वेळच्या खाण्यात तंतोतंत बसला, मावशींना ते माहीत नव्हतं तरी. मेथीची पानं खुडताना दोन्ही हात गुंतलेले असतात, ओली माती नखात जाते, तासभर कसा जातो कळत नाही. चवळई, तांदुळजा, सगळं निवडून झालंय माझं. आता कामावर जातो त्यामुळे रोज जमत नाही पण बुधवारी-शुक्रवारी अजून जातो.

आता तब्येतीचं, कारण जेवणाचा रिव्ह्यू म्हणजे माझ्यासाठी रिपोर्टचाच रिव्ह्यू आहे. केंद्रातनं निघताना जीजीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा, ३१२ होतं, तीन महिन्यांनी ८८, सात महिन्यांनी ४१. लिव्हरवरची सूज आणि चरबी दारू पूर्ण बंद केली तर काही आठवड्यांतच उतरायला लागते, सिरॉसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर कायमचं निबर होण्यापर्यंत, गेलेलं असेल तर मात्र तसं होत नाही, माझं नशीब की तिथवर गेलं नव्हतं. लाल पेशींचा आकार, एमसीव्ही म्हणतात तो, १०६ वरनं ९३ वर यायला चार महिने लागले, कारण लाल पेशी १२० दिवस जगते आणि जुन्या पेशी मरून नव्या येईपर्यंत आकडा हळूहळूच उतरतो, त्यामुळे दीड महिन्यात रिपोर्ट करून निराश होऊ नका. मी झालो होतो. मुंग्या सगळ्यात हळू जातायत, अजून डाव्या पायाच्या अंगठ्यापाशी आहेत. हे आकडे माझे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि लिव्हर साफ करणारं सिरप म्हणून जे विकतात ना, ते मी घेतलं होतं, एका दुकानदारानं ११०० ची बाटली माथी मारली. डॉक्टरांनी बाटली बघून टेबलावर बाजूला ठेवली, म्हणाले लिव्हरला साफ करावं लागत नाही, त्याला नुसतं सोडून द्यावं लागतं. तसंच अशक्तपणा आहे म्हणून माझ्या मोठ्या आत्यानं प्रेमानं द्राक्षासव आणून दिलं. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच बनवतात, त्यात काही टक्के अल्कोहोल तयार होतंच, आपल्यासारख्यांनी वैद्यांना सांगितल्याशिवाय घ्यायची नाहीत. काही खोकल्याच्या औषधांत पण असतं, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा.

मला पहिले सहा महिने डिसल्फिरम चालू होती, दारूपासून लांब राहावं म्हणून डॉक्टर देतात ती. ही गोळी घेत असताना दारू गेली की चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, जीव जाऊ शकतो. थोडं अल्कोहोल किंवा व्हिनेगर असलेलं खाणंसुद्धा टाळायला सांगतात. इथे बुधवारी रात्री पोरांच्या आग्रहावरनं व्हेज मंचुरियन असतं. मी विचारलं यात व्हिनेगर घालता का, मावशींनी आचाऱ्याला विचारलं, तो म्हणाला थोडंसं. मावशी म्हणाल्या दहा मिनिटं थांबा, आणि पिठलं टाकलं. लसणाची फोडणी, वर कच्चं तेल. बुधवारचं पिठलं मग ठरूनच गेलं आणि आता ते तीन-चार पोरंही मागतात. याच गोळीवरनं एक कळकळीनं सांगतो, भिंतींवर आणि पेपरात जाहिराती असतात की पेशंटला न सांगता दारू सोडवा, आणि घरचे लोक पावडर डाळीत कालवून देतात. कृपा करून असं करू नका. त्यात काय आहे माहीत नसतं, आणि त्या माणसानं नकळत वर दारू घेतली तर तो तुमच्या हातानं हॉस्पिटलमधे जाईल. शिवाय त्याला कळलं की घरच्या ताटावरचा विश्वास संपतो, आणि त्याच ताटावर त्याला परत उभं राहायचं असतं.

गोडाचं पण सांगितलं पाहिजे. दारू सुटली की गोड खायची जबरदस्त इच्छा होते, मीटिंगमधे खिशात गोळ्या-चॉकलेट ठेवा असंच सांगतात आणि पहिले दोन-तीन महिने डॉक्टरांनीही अडवलं नाही. रविवारच्या फीस्टला मी चार-चार वाट्या श्रीखंड खाल्लंय, मावशी वाढत राहिल्या. दिवसाला सात चहा वेगळे. जूनपर्यंत वजन ५१ चं ६८ झालं, आधी सगळे खूश, मग एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.१ आलं, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. तेव्हापासून चहा तीन, पोळीच्या जागी दोन्ही वेळा भाकरी, भात अर्धी वाटी, आणि रात्री जेवून झालं की ओंकारेश्वरापासून नदीकाठानं बालगंधर्व रंगमंदिरापर्यंत चालत जाऊन परत. रविवारी सकाळी पर्वती चढतो. फेब्रुवारीत पहिल्यांदा गेलो तेव्हा तीनदा बसावं लागलं होतं, आता एका दमात वर जातो, धाप लागते पण ती चांगली धाप असते, नंतर कडकडून भूक लागते. रात्री नऊनंतर चहा बंद केल्यावर झोपही सुधारली. मधल्या काळात तंबाखू वाढली होती, ती अजून पूर्ण सुटलेली नाही, त्याच्यावर काम चालू आहे.

आता अर्धा मार्क. रविवारी रात्री बंद असते आणि रविवार संध्याकाळ आमच्यासारख्यांना जड जाते, मी दुपारीच दोन भाकरी आणि उसळ डब्यात बांधून घेतो, मावशी त्याचे पैसे घेत नाहीत पण तरी तुम्ही आधी बोलून ठेवा. आमटी कधीकधी फार गोड होते, गूळ कमी करा म्हटलं की दोन दिवस कमी आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. परीक्षा जवळ आली की रात्री आठला जागाच मिळत नाही, वीस मिनिटं जिन्यात उभं राहावं लागतं आणि भुकेल्या पोटी ती वीस मिनिटं मला नको वाटतात, म्हणून साडेसातच्या ठोक्याला जा. पंखा एकच, उन्हाळ्यात आतल्या खोलीत बसू नका. खाड्याचा नियम कडक आहे, सलग चार दिवसांच्या वर नसाल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच पैसे वळते होतात. पार्किंग अजिबात नाही. आणि लक्ष्मी रोडच्या बाजूनं आलात तर वाटेत दोन बार लागतात, मी पहिले काही महिने मुद्दाम नदीच्या बाजूनं यायचो, पाच मिनिटं जास्त लागतात.

मावशींना विचारून लिहितोय हे सगळं. माझं लिहा की, म्हणाल्या, पण असं कुणी आलं तर त्यानं काकांना गल्ल्यावर हळूच सांगावं, बाकी कुणाला कळायची गरज नाही.

या सोमवारपासून बाजरी सुरू होतेय. मी पहिल्यांदा आलो तेव्हाही बाजरीचेच दिवस होते. तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांग्याचं भरीत. दुपारी साडेबाराच्या आत पोचा, सव्वा वाजेपर्यंत भाकऱ्या संपतात आणि मग पोळीच मिळते.